सोबत पेट्रोल, पण जपून!

मैत्रिणींनो, हल्ली आपल्या मुलीही बुलेटवरून लडाखला निघतात. घरच्यांना काळजी घाटाची नि थंडीची. मला विचाराल, तर आधी बघावं ते सोबतच्या पेट्रोलकडे! मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी कित्येकींनी फोटोत पाहिली असेल. निघण्यापूर्वी पंपांची चौकशी कराच. शिवाय चढावर गाडी पेट्रोल जास्त पिते, म्हणून चार-पाच लिटर जवळ हवंच.

पण पाण्याच्या बाटलीत? मुळीच नको! उन्हानं ती फुगते, झाकणातून पेट्रोल झिरपतं. पेट्रोलसाठीच बनवलेला, रबरी वायसरच्या झाकणाचा पत्र्याचा कॅन घ्या. भरताना तो गाडीवर नाही, जमिनीवर ठेवायचा आणि पंपाच्या नळीचं तोंड कॅनच्या कडेला टेकवून धरायचं, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायची भीती राहत नाही. काठोकाठ तर कधीच भरू नका. बारालाचा खिंड सुमारे ४,९०० मीटर उंचीवर. तिथं बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे आतली वाफ कॅन फुगवते. झाकण चेहऱ्यापासून लांब धरून हळूहळू सैल करा.

कॅन उभाच बांधा, सायलेन्सरपासून दूर. टाकीत जागा झाली, की इंजिन गार होऊ द्या आणि जाळीच्या नरसाळ्यानं ओतून टाका. मुक्कामाला कॅन तंबूत नको, स्टोव्हजवळ तर नकोच नको. पेट्रोलची वाफ गॅससारखीच जमिनीलगत पसरते, हे आपल्याला काय सांगायचं! आणि परत आल्यावर उरलेलं पेट्रोल माळ्यावर ठेवू नका, गाडीतच ओता.