मूळ रेघेची वही

दिवाळी अंक घरात आला की अक्षरओळख असलेला आणि नसलेला, दोघेही आधी त्यातली हास्यचित्रे पाहतात. पण आपण पाहतो तो छापील ठसा. चित्रकाराच्या हातचा मूळ कागद वेगळाच असतो. असे मूळ काम आपल्या सोबत्यांकडून एका वहीत काढून घेण्याची एक सुरेख चाल चित्रकारांत आहे. तिच्याविषयी आज थोडे सांगायचे आहे.

चाल तशी जुनी. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठातले विद्यार्थी कोरी वही बाळगीत आणि गुरुजनांकडून, मित्रांकडून तीत सही व चार ओळी लिहून घेत. पुढे अशा वह्यांत रंगीत चित्रेही येऊ लागली. आज चित्रकथा काढणाऱ्यांचे मेळे भरतात. फ्रान्समधल्या आंगुलेम शहरात १९७४ साली असा एक मोठा मेळा सुरू झाला. अशा ठिकाणी चित्रकार एकमेकांना भेटतात आणि वही एका हातातून दुसऱ्या हातात फिरते. जपानमध्ये वहीऐवजी ‘शिकिशी’ नावाचा पुठ्ठा वापरतात. तो सुमारे २७ सेंटिमीटर लांब व २४ सेंटिमीटर रुंद असतो.

आता तुम्ही म्हणाल, छापलेलं चित्र हाताशी असताना मूळ कशाला हवं? त्याचं कारण असं. अमेरिकेत १९६७च्या सुमारापर्यंत चित्रकथेचे पान छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट लांबी-रुंदीचे काढीत. कॅमेऱ्याने ते लहान करून मग छपाई होई. कच्ची आखणी पुष्कळदा फिकट निळ्या पेन्सिलीने करीत, कारण तो निळा रंग फिल्मवर उमटत नसे. चुकलेल्या रेघेवर पांढरा रंग फिरवीत. म्हणजे छापील पानात आखणीही दिसत नाही अन् दुरुस्तीही दिसत नाही. मूळ कागदावर दोन्ही दिसतात. शिकणाऱ्याला खरा धडा तिथेच मिळतो. शिवाय सोबती आपल्यासमोर चित्र काढतो, तेव्हा तो सुरुवात नाकापासून करतो की डोळ्यांपासून, हात कुठे थबकतो, हेही कळते.

मूळ कागद हरवतातही फार. अमेरिकेत कित्येक वर्षे ते प्रकाशकाकडेच राहत. पुष्कळ नष्ट झाले. जॅक कर्बी या नामांकित चित्रकाराने दहा हजारांहून अधिक पाने काढली होती. मोठ्या झगड्यानंतर १९८७ साली त्यांतली सुमारे दोन हजारच त्याला परत मिळाली. वहीतले रेखाटन मात्र राजीखुशीने दिलेले असते, आणि ते जपणाराही त्याच धंद्यातला असतो.

म्हणून या वहीचा एक धर्म आहे. तिच्यातलं पान ही भेट आहे, विकायचा माल नव्हे. कोणी पाने फाडून विकतात, म्हणून पुष्कळ चित्रकार चित्राखाली मागणाऱ्याचे नाव घालतात. मागताना वेळ-काळ पाहावा, एकाच चित्रावर समाधान मानावे, आणि आपणही त्याच्या वहीत काहीतरी काढून द्यावे.

वही जाड कागदाची घ्यावी. पाण्याने न पसरणारी काळी शाई उत्तम. साध्या रंगीत पेनांचे रंग उन्हाने उडतात. शाई नीट वाळल्याशिवाय पान मिटू नये. प्रत्येक चित्राखाली नाव, गाव आणि तारीख असावी. पावसाळ्यात वहीला ओल व कसर लागू देऊ नये. चित्रावर चिकटपट्टी तर कधीच लावू नये.

गुरुजनहो, आपल्या शाळेतही अशी एक वही ठेवता येईल. मुलांनी एकमेकांच्या वहीत एकच विषय काढावा; समजा, बाजाराला निघालेली बैलगाडी. तीस मुलांच्या तीस बैलगाड्या होतील. कुणाचे चाक वाकडे असेल, कुणाचा बैल मांजरासारखा दिसेल. ती चित्रे खोडू नका, तारीख घालून ठेवा. दोन वर्षांनी तोच विषय पुन्हा द्या आणि दोन्ही पाने मुलांपुढे शेजारी शेजारी मांडा. आपला हात किती पुढे गेला, ते मुलांना न सांगताच कळेल.