विद्युत्-जालाचे शास्त्र आणि त्याचे शिक्षण

खोलीतील कळ दाबली की दिवा लागतो. ही क्रिया इतकी नित्याची झाली आहे की, तिच्यामागे केवढा पसारा उभा आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाही. खाणीजवळचे औष्णिक केंद्र, हिमालयातील नदीवरचे धरण, राजस्थानच्या वाळवंटातील सौर पट्ट आणि आपल्या खोलीतील दिवा ही सर्व एकाच तारांच्या जाळ्यात गुंफलेली आहेत. हे देशव्यापी जाळे म्हणजे वस्तुतः एकच अवाढव्य यंत्र होय. या यंत्राची रचना, चालन व रक्षण यांचा अभ्यास करणारी शाखा ती विद्युत् शक्ति-निकाय अभियांत्रिकी. भारतातील विश्वविद्यालयांत विद्युत् अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या पदवी-अभ्यासक्रमात ती शिकविली जाते व अनेक ठिकाणी पदव्युत्तर वर्गांत तिचे स्वतंत्र अध्यापन होते. या विषयात विद्यार्थ्यास काय शिकावे लागते, आणि ते कशासाठी, हे येथे पाहावयाचे आहे.

क्षणाक्षणाचा हिशेब

धान्य कोठारात साठविता येते, पाणी टाकीत साठविता येते; तारांतील वीज मात्र साठविता येत नाही. विद्युत् घट किंवा उंचावरील जलाशय यांच्या साहाय्याने काही ऊर्जा राखून ठेवता येते, परंतु एकूण गरजेच्या मानाने ती थोडी असते. म्हणून ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, जवळजवळ तेवढीच त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते. विद्यार्थ्याला शिकावयाचे पहिले तत्त्व हेच.

हा तोल साधला आहे की नाही, हे कंप्रतेवरून कळते. आपल्याकडील प्रत्यावर्ती प्रवाह दर सेकंदास ५० आवर्तने पुरी करतो. त्यासाठी मोठ्या औष्णिक केंद्रांतील जनित्रे मिनिटास ३,००० फेरे घेतात. मागणी एकाएकी वाढली, तर वाढीव ऊर्जा प्रथम या फिरत्या चक्रांच्या गतीतूनच खर्ची पडते. चढ लागला की बैलांची चाल मंदावावी, तशी जनित्रे किंचित मंद होतात व कंप्रता उतरते. मग वेगनियंत्रक वाफेची किंवा पाण्याची वाट अधिक उघडतो आणि गती सावरली जाते. मागणी घटली तर याच्या उलट घडते.

या तत्त्वाची मोठी कसोटी ५ एप्रिल २०२० रोजी लागली. त्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरांतील दिवे मालवावे, असे आवाहन दोन दिवस अगोदर करण्यात आले होते. त्या अल्पावधीत देशातील मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली व लगेच पुन्हा चढू लागली. कोळशाच्या बाष्पित्रांची शक्ती इतक्या झपाट्याने कमी-अधिक करता येत नाही. जलविद्युत् केंद्रांची करता येते. म्हणून ती केंद्रे आधीच पूर्ण चालू ठेवून नेमक्या वेळी उतरविण्यात आली. कंप्रता ४९.७० ते ५०.२६ या मर्यादेत राहिली आणि जाल अभंग राहिले.

गणिताचे साहाय्य

वीज दूर न्यावयाची तर दाब वाढवावा लागतो. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो, आणि तारांत उष्णतेच्या रूपाने होणारी हानी चौथ्या हिश्श्यावर येते. १९०२ साली कावेरीवरील शिवसमुद्रम् येथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेण्यात आली, ती याच तत्त्वाच्या आधारे. आज भारतात ७६५ किलोव्होल्ट दाबाच्या वाहिन्या आहेत.

परंतु जाळ्यातील वीज आपण सांगू त्या वाटेने जात नाही. सर्व उपलब्ध मार्गांतून त्यांच्या विद्युत् गुणधर्मांनुसार ती विभागली जाते. कोणत्या वाहिनीतून किती शक्ती वाहील, हे काढण्यासाठी अनेक समीकरणे एकदम सोडवावी लागतात. विद्यार्थी प्रथम तीन-चार उपकेंद्रांच्या लहानशा जाळ्याचे गणित हाताने करतो. पुढे हजारो उपकेंद्रांचे गणित संगणकावर सोडविले जाते. संमिश्र संख्यांच्या योगे प्रत्यावर्ती प्रवाहाचे गणित सुलभ करण्याची रीत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ साली मांडली. तीन तारांतील असमतोल प्रवाहांचे विश्लेषण कसे करावे, हे चार्ल्स फॉर्टेस्क्यू यांनी १९१८ साली दाखविले. या दोन्ही रीती आजच्या वर्गांतही शिकविल्या जातात.

रक्षणाचे शास्त्र

वाहिनीवर वीज कोसळली किंवा झाड पडले, तर ती क्षणार्धात जाळ्यातून अलग करावी लागते. दोष ओळखणाऱ्या उपकरणास रिले म्हणतात व मार्ग तोडणाऱ्यास मंडल खंडक. दोष असता तोडणे जितके आवश्यक, तितकेच दोष नसता न तोडणेही आवश्यक असते. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना–ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्ट वाहिनीवर अतिशय भार आला. वाहिनीत दोष नव्हता; परंतु तो भार रिलेला दूरवरच्या दोषासारखा भासला व वाहिनी तुटली. तिचा भार इतर मार्गांवर पडला, तेही एकामागून एक तुटले आणि सारा उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य हे तीनही विभाग कोलमडले. रेल्वेगाड्या वाटेत थांबल्या आणि पूर्वेकडील कोळशाच्या खाणींत कामगार अडकून पडले. काही वाहिन्या आधीच बंद असल्याने दुबळे झालेले जाळे आणि ठरल्याहून अधिक वीज ओढणे, ही कारणे चौकशीत पुढे आली. वर्गात कोरडे वाटणारे रिलेचे गणित कोट्यवधी लोकांच्या जीवनाशी कसे निगडित आहे, हे या घटनेवरून ध्यानी येते.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण विभाग उर्वरित देशाशी जोडला गेला व संपूर्ण भारताचे जाळे एकाच कंप्रतेवर चालू लागले. यामुळे एका प्रांताची उणीव दुसऱ्यास भरून काढता येते. मात्र एकाची चूकही दुसऱ्यास भोवू शकते.

पुढील पिढीचे प्रश्न

भारतातील सौर विजेच्या क्षमतेने २०२५ च्या आरंभी १,००,००० मेगावॅटचा टप्पा ओलांडला. सौर पट्टात फिरते चक्र नसते. त्यामुळे तोल बिघडताच प्रथम सावरून धरणारे जडत्व त्यापासून आपोआप मिळत नाही. शिवाय सूर्यास्तासमयी सौर वीज ओसरते, आणि त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात. ही संधिकाळची तूट कशी भरावी व जडत्वाची उणीव कशी दूर करावी, हे आजच्या अभ्यासकांपुढील मोठे प्रश्न आहेत.

या शाखेकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने गणित व पदार्थविज्ञान यांचा पाया पक्का करावा. विशेषतः अवकल समीकरणांचे भय बाळगू नये. महाविद्यालयातर्फे एखादे उपकेंद्र पाहण्याची संधी मिळाल्यास ती दवडू नये. जनित्र, रोहित्र, वाहिनी यांचे सुटे ज्ञान पुस्तकातून मिळते. एका ठिकाणी केलेल्या बदलाचा परिणाम शेकडो मैलांवर काय होईल, हे आधी ताडण्याची सवय मात्र दीर्घ अभ्यासानेच लागते, आणि जाळ्याची सुरक्षितता अखेर त्याच सवयीवर अवलंबून असते.