जुनी शिक्षा आणि पासपोर्ट

विहारात श्रीलंकेच्या धम्मयात्रेची नावे लिहून घेत होतो. यादी भरत आली तरी वस्तीतले एक काका मागच्या भिंतीला टेकून गप्पच. नाव विचारले तेव्हा हळूच म्हणाले, "आमच्यासारख्याला कोण पासपोर्ट देणार?" तरुणपणी नळावरच्या मारामारीत त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली होती. मुलांना त्यांनी हे कधी सांगितले नव्हते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. ऐकीव गोष्टीवर विसंबलो नाही, कायदाच काढून वाचला.

पासपोर्ट कायदा १९६७ सालचा. त्याच्या कलम ६ प्रमाणे, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल, तर पासपोर्ट नाकारला जातो. काकांची शिक्षा सहा महिन्यांची, तीही तीस वर्षांपूर्वीची. म्हणजे या कलमाची आडकाठी त्यांना नव्हतीच! भीतीच मोठी झाली होती.

खरी अडचण चालू खटल्याची असते. मोर्चे, रास्ता रोको यांत आपल्या कितीतरी कार्यकर्त्यांवर केसेस झाल्या आणि तारखा पडत राहिल्या. खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट अडतो. मात्र ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने वाट ठेवली आहे. त्याच न्यायालयाकडून परदेशी जाण्याची परवानगी आणावी. न्यायालयाने मुदत ठरवली नसेल, तर एक वर्षाचा पासपोर्ट मिळतो. नकार आलाच तर बहुतेक प्रकरणी त्यावर अपील करता येते.

पण खोटे लिहू नका. एजंट सांगतो, "नाही लिहा, कोण बघतंय?" पोलीस चौकशीत जुने कागद निघतात. खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती लपवली, तर कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

प्रश्न नीट वाचणेही तितकेच महत्त्वाचे. पासपोर्टचा अर्ज पाच वर्षांतली शिक्षा विचारतो. अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज मात्र विचारतो की, तुम्हाला कधीही अटक किंवा शिक्षा झाली आहे काय? तेथे तीस वर्षांपूर्वीचेही लिहावेच लागते. तेथे जुना गुन्हा एखादे वेळी माफ होईल, पण व्हिसासाठी खोटे बोललेले उघड झाले तर प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. म्हणून निकालपत्राची प्रमाणित नक्कल आणि दंड भरल्याची पावती घरी जपून ठेवा.

लुंबिनीला जायचे असेल तर आपल्याला पासपोर्टही लागत नाही. मतदार ओळखपत्र दाखवून सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळात जाता येते. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये बौद्ध परिषदेला काठमांडूला गेले होते, हे वाचकांना ठाऊकच आहे.

बुद्धांनी अंगुलिमालालाही संघात घेतले. त्याचा भूतकाळ लपवून नव्हे, सगळे ठाऊक असताना घेतले. आपण रोज विहारात चौथे शील म्हणतो, ते अर्ज भरतानाही पाळायचे असते.

काकांनी अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री मुलांना जवळ बसवून सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी थोरला मुलगा स्वतः त्यांच्याबरोबर पासपोर्ट कार्यालयात गेला. आमच्या यादीत आता काकांचे नाव आहे.