मंडळासाठी ड्रमसेट घेताना : नाद, टिकाऊपणा आणि किंमत

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या भागांतील आपल्या कार्यक्रमांत पखवाज, ढोलकी आणि हलगी पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली आहे. आता गणेशोत्सवातील गाण्यांचा कार्यक्रम किंवा शाळेचे स्नेहसंमेलन ठरले की तरुण सभासद ड्रमसेटचीही मागणी करतात. मागणी रास्त आहे. मात्र पैसा घरोघरच्या वर्गणीचा असतो आणि एकदा घेतलेला सेट दहा-पंधरा वर्षे वापरायचा असतो. त्यामुळे कोणत्या कंपनीचा सेट घ्यावा आणि कितीचा घ्यावा, हे दुकानात जाण्याआधी समजून घेतलेले बरे.

ड्रमसेटमध्ये काय काय असते?

पायाने वाजवायचा मोठा बेस ड्रम, मधला कडक आवाजाचा स्नेअर, दोन-तीन टॉम, आणि त्यांच्या जोडीला झांजा : हाय-हॅट, क्रॅश आणि राइड. पखवाजाच्या लाकडी भागाला आपण खोड म्हणतो, तसेच ड्रमलाही खोड असते. फक्त ते एकसंध लाकूड कोरून न करता पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेले असते. वरची पुडी कातड्याची नसून प्लॅस्टिकची असते. अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात इव्हान्स आणि रेमो या कंपन्यांनी अशा पुड्या बाजारात आणल्या. कारण आपल्याला ठाऊक असलेलेच आहे. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, म्हणून हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. प्लॅस्टिकच्या पुडीवर हवेचा तसा परिणाम होत नाही. ऐन श्रावण-भाद्रपदात कार्यक्रम करणाऱ्या मंडळांना ही मोठी सोय आहे.

लाकडाचा फरक

मेपलचा नाद उबदार आणि खर्जात भरलेला असतो. बर्चचा नाद नेमका आणि धारदार, त्यामुळे माइकसमोर तो स्वच्छ उमटतो. महोगनीचा खर्ज आणखी खोल असतो. पॉपलर हे मऊ, स्वस्त लाकूड. त्याचा नाद मध्यम असतो, वाईट नसतो. स्वस्त सेट बहुतेक पॉपलरचे असतात.

हा फरक खरा आहे, पण सभागृहात बसलेल्या श्रोत्याला तो फारसा कळत नाही. जुनी, डाग पडलेली पुडी आणि बेसूर लावलेला सेट मात्र पहिल्या गाण्यातच कळतो. चांगली पुडी घालून नीट लावलेला पॉपलरचा सेट हा वाईट लावलेल्या मेपलच्या सेटपेक्षा केव्हाही चांगला वाजतो. ढोलकी चढवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

कोणती कंपनी कशासाठी?

पर्ल ही 1946 मध्ये सुरू झालेली जपानी कंपनी. तिची रोडशो मालिका नवशिक्यांसाठी आहे. खोड पॉपलरचे असते आणि सेटबरोबर स्टँड, पेडल, स्टूल, झांजा असे सगळे मिळते. त्याच कंपनीची एक्सपोर्ट मालिका 1982 पासून चालत आली आहे. तिचे लोखंडी सामान जास्त भक्कम असते.

यामाहाने 1967 पासून ड्रम बनवले. रायडीन हा तिचा पॉपलरचा स्वस्त सेट. स्टेज कस्टम पूर्ण बर्चचा असून मधल्या किमतीत मंडळांसाठी फार उपयोगी आहे. मात्र त्याची किंमत विचारताना स्टँड आणि झांजा धरल्या आहेत का, हे आधी विचारावे. पुष्कळदा फक्त ड्रमची किंमत सांगितली जाते.

टामा हे जपानच्या होशिनो गाक्की कंपनीचे नाव, 1974 पासूनचे. पेडल आणि स्टँडच्या मजबुतीबद्दल वादक तिचे नाव घेतात. इम्पीरियलस्टार हा तिचा पॉपलरचा पूर्ण सेट. तैवानची मेपेक्स 1989 मधली. टोर्नाडो, व्हीनस हे तिचे सुरुवातीचे सेट आणि आर्मरी ही मधली मालिका. तेवढ्याच पैशात ती बरेच सामान देते.

लुडविग (शिकागो, 1909), ग्रेच (ब्रुकलिन, 1883) आणि जर्मनीची सोनोर (1875) ही जुनी घराणी. 1964 मध्ये बीटल्सचा रिंगो स्टार अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर लुडविग वाजवताना दिसला आणि त्या नावाला अफाट मागणी आली. या कंपन्यांचे वरचे सेट सुंदरच असतात, पण मंडळाच्या वापरासाठी तेवढा खर्च करण्याचे कारण नाही.

किंमत कशाची मोजतो?

साधारण अंदाज असा : नवशिक्यांचा पूर्ण सेट चाळीस ते सत्तर हजारांच्या दरम्यान, मधला सेट लाखाच्या आगेमागे आणि झांजा वेगळ्या, वरचे सेट काही लाखांत. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना भक्कम स्टँड, न घसरणारे पेडल आणि गोल, सपाट कडा मिळतात. हा पैसा वाया जात नाही, कारण मंडळाचा सेट टेम्पोतून हिंडतो आणि अनेक हातांखाली वाजतो. दुसरीवरून तिसरीवर जाताना मिळते ती मुख्यतः लाकडाची आणि रंगाची श्रीमंती.

स्वस्त सेटची खरी उणीव झांजांत असते. काशाच्या आणि पितळेच्या टाळांतील फरक आपल्या वारकऱ्यांना कानाने कळतो, इथेही तेच. उत्तम झांजा काशाच्या, म्हणजे सुमारे ऐंशी टक्के तांबे आणि वीस टक्के कथील अशा मिश्रणाच्या असतात. मधल्या झांजांत कथील आठ टक्क्यांच्या आसपास असते. सेटबरोबर फुकट येणाऱ्या झांजा बहुधा पितळी असतात आणि त्या थाळीसारख्या वाजतात. झिल्जन हे झांजांचे सर्वांत जुने नाव 1623 पासून, इस्तंबूलमधून आलेले. झिल्जन, साबियन, पायस्टे, मायनल यांपैकी कोणाच्याही मधल्या मालिकेतील हाय-हॅट आणि एक क्रॅश घेतली तरी पूर्ण सेटचा आवाज बदलतो.

म्हणून हातात लाखभर रुपये असतील तर सगळे एकाच सेटवर घालू नयेत. साठ-पासष्ट हजारांचा सेट, वीस-पंचवीस हजारांच्या झांजा, आणि उरलेल्यात चांगल्या पुड्या, जास्तीच्या काड्या आणि ने-आण करण्याच्या पिशव्या, अशी वाटणी शहाणपणाची.

ऑक्टापॅड घ्यावा का?

रोलंडने 1985 मध्ये आणलेले हे आठ पॅडांचे वाद्य आता ऑर्केस्ट्रात सर्रास दिसते. त्याची किंमत साध्या ड्रमसेटच्या आसपास जाते, शिवाय स्पीकर आणि वीज लागते. पण ते एका पिशवीत मावते, आवाज कमी-जास्त करता येतो आणि हेडफोन लावून घरी सरावही होतो. मार्चमध्ये शेजारी दहावीचा अभ्यास चालू असेल तेव्हा याचे मोल कळते. तालमीसाठी आणि छोट्या कार्यक्रमांसाठी ते सोयीचे आहे. त्यात ढोलकी आणि तबल्याचे आवाज मिळतात, म्हणून मंडळाच्या ढोलकीवाल्याला घरी बसवू नये. बोटांच्या दाबाने निघणारी घुमक पॅडवर येत नाही, आणि गावात ढोलकी शिकवणारा माणूस एकदा सुटला की पुन्हा मिळत नाही.

आपल्या सभागृहांसाठी काही सूचना

आपल्याकडे बहुतेक सभागृहांत शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतात. आवाज घुमतो. बावीस इंची बेस ड्रम अशा जागी गायकाचे शब्द गिळून टाकतो. अठरा किंवा वीस इंची बेस ड्रम पुरतो. सेटखाली जाड सतरंजी घालावी, म्हणजे आवाज आवरतो आणि बेस ड्रम पुढे सरकत नाही. बेस ड्रममध्ये एखादी उशी ठेवली तरी फरक पडतो.

खरेदीला हैदराबाद किंवा सोलापूरला जाताना मंडळाचा वादक बरोबर न्यावा. प्रत्येक ड्रमची पुडी काढून खोडाची कड सपाट फरशीवर ठेवून पाहावी. खालून उजेड दिसला तर तो ड्रम नीट लागणार नाही. सगळे बोल्ट हाताने फिरतात का, पेडल आवाज करते का, हे पाहावे. या मापाची पुडी आणि बोल्ट सुटे मिळतील का, आणि किती दिवसांत, हे विचारून बिलावर मॉडेलचे नाव लिहून घ्यावे. ज्या सेटचे सुटे सामान मिळत नाही, तो कितीही नावाजलेल्या कंपनीचा असला तरी घेऊ नये.

सेट आल्यावर त्याची चावी एकाच जबाबदार सभासदाकडे द्यावी आणि त्याने निदान दोन मुलांना सेट लावायला शिकवावे.