चपलांचा बिल्ला

2002 च्या जुलैत अप्पा बळवंत चौकातून मी वेब प्रोग्रॅमिंगचं पहिलं पुस्तक घेतलं. जुनं होतं, पण पानं शाबूत होती. सांगलीहून बीएस्सी करून नुकतीच पुण्याला आले होते आणि दादाकडे राहत होते. क्लासची फी झेपणारी नव्हती, म्हणून पुस्तक. घरात दादाचा कॉम्प्युटर होता, इंटरनेट नव्हतं. अपाचे, पीएचपी आणि मायएसक्यूएल ही तिन्ही एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून टाकली. पहिलं पान ब्राउझरमध्ये उघडलं, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आपल्याच टेबलावरचं मशीन सर्व्हर झालं, याचा आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो.

पुस्तकातलं पहिलं खरं उदाहरण एका फॉर्मचं होतं. नाव लिहायचं, बटण दाबायचं आणि पुढच्या पानावर ‘धन्यवाद’ आणि ते नाव दिसायला हवं. माझ्याकडे ‘धन्यवाद’ यायचं आणि त्यापुढे कोरं. एरर नाही, काही नाही. मी तीन वेळा सगळं पुसून पुन्हा टाइप केलं. दुसऱ्या दिवशी दादाला शेजारी बसवलं. तो मेकॅनिकलचा, पण तो पुस्तकातली एकेक ओळ मोठ्यानं वाचायचा आणि मी स्क्रीनवर बोट फिरवायचे.

“दादा, हळू वाच ना. अर्धविराम आहे का तिथे?”

“अगं, आहे. सगळं तसंच आहे. एक टिंबही वेगळं नाही.”

चौथ्या दिवशी संध्याकाळी सायबर कॅफेत अर्धा तास घेतला आणि पीएचपीचं मॅन्युअल उघडलं. उत्तर तिथे होतं. जुन्या पीएचपीत फॉर्ममधल्या खान्याला जे नाव दिलं असेल, त्याच नावाचं व्हेरिएबल प्रोग्रॅममध्ये आपोआप तयार व्हायचं. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाच्या सेटिंगची ती करामत. एप्रिल 2002 मध्ये आलेल्या 4.2.0 आवृत्तीत ते सेटिंग मुळातच बंद ठेवलं होतं. माझं पुस्तक त्याआधी छापलेलं, सीडीवरची आवृत्ती त्यानंतरची. पुस्तकाचं चुकलं नव्हतं आणि माझंही नाही. दोघांच्या मध्ये भाषाच बदलली होती.

सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ऑफ’चं ‘ऑन’ केलं असतं, तर पुस्तकातलं पुढचं सगळं सुरळीत चाललं असतं. पण ते बंद का केलं, याचं कारण मी वहीत उतरवून आणलं होतं आणि ते वाचून मला धडकीच भरली. प्रोग्रॅममध्ये ‘हा माणूस ॲडमिन आहे का’ हे एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं असेल आणि त्याला सुरुवातीला ‘नाही’ असं बजावलं नसेल, तर कुणीही पत्त्याच्या पट्टीत शेवटी ‘ॲडमिन बरोबर 1’ एवढं लिहून आत शिरू शकत होता. बाहेरून आलेली गोष्ट घरातली म्हणून वावरायला लागायची. माझं ठाम मत आहे की ही सोय भाषेत कधी द्यायलाच नको होती. नवशिक्याला ती सोपी वाटते आणि त्याचा घात तिथेच होतो.

मग मी पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण नव्या पद्धतीनं लिहायला घेतलं. फॉर्ममधून आलेलं सगळं ‘पोस्ट’ नावाच्या एका ॲरेत येतं. तिथून एकेक गोष्ट उचलायची, तपासायची आणि मगच वापरायची. चार महिने लागले. जसंच्या तसं चालणारं पुस्तक मिळालं असतं, तर ते दीड महिन्यात संपलं असतं आणि यातलं मला काही कळलंही नसतं.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचता यायचं, पण तांत्रिक इंग्रजी वाक्य तीन वेळा वाचावं लागायचं. समासात पेन्सिलीनं मराठी लिहायची सवय तेव्हाच लागली. सेशनच्या प्रकरणाशी आले आणि अडकले. वेब सर्व्हरला स्मरणशक्ती नसते. एक पान देऊन झालं की तो तुम्हाला विसरतो. दुसरं पान मागायला तुम्ही पुन्हा गेलात, तर तुम्ही त्याला नवखेच. मग लॉगिन टिकतं कसं? पुस्तकात यावर बारा-तेरा पानं होती. माझ्या डोक्यात ते शिरलं ते आईबरोबर अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेले तेव्हा. देवळाबाहेर चपला दिल्या, बाईंनी पितळी बिल्ला हातावर ठेवला. बिल्ल्यावर फक्त नंबर. चपला त्यांच्याच खणात. दर्शन घेऊन आलो, आईनं बिल्ला दिला, बाईंनी तोंडाकडे न बघता बरोबर आमच्याच चपला काढल्या. परत आल्यावर समासात लिहिलं: कुकी म्हणजे ब्राउझरजवळ राहणारा बिल्ला, सेशन म्हणजे सर्व्हरवरचा खण.

लगेच सर्व्हरवरचे खण शोधून काढले. पीएचपी प्रत्येक सेशनची एक छोटी फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवते, फाइलच्या नावात 32 अक्षरी बिल्ला. एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत माझंच नाव, त्याआधी त्याची लांबी. 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं, कुणी हात लावला नाही की ती फाइल केराच्या यादीत जाते. हा आकडाही समासात आहे, दोनदा अधोरेखित.

2003 मध्ये नोकरी लागली. पुढच्या वर्षी दोन गोष्टी आल्या: जुलैत पीएचपी 5, आणि ऑफिसच्या कपाटात जॉर्ज श्लॉसनेगल यांचं ‘ॲडव्हान्स्ड पीएचपी प्रोग्रॅमिंग’. आम्ही पाच जण ते आळीपाळीनं घरी नेत असू. त्यातली शेवटची, पीएचपीला सी भाषेत जोड देण्याची प्रकरणं मी कधीच नीट वाचली नाहीत. कामच पडलं नाही. पण मधल्या भागानं माझी नजर बदलली. दर वेळी पान मागितलं की तेव्हाचं पीएचपी तोच प्रोग्रॅम नव्यानं वाचायचं, त्याचं मधल्या भाषेत रूपांतर करायचं, चालवायचं आणि टाकून द्यायचं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वेग कुठे जातोय ते अंदाजानं सांगायचं नाही, मोजायचं, हेही त्याच पुस्तकानं मनावर ठसवलं.

2006 च्या जूनमध्ये एका शैक्षणिक संस्थेची प्रवेश अर्जाची साइट आमच्याकडे होती. अर्ज पाच पानी, भरलेली माहिती शेवटपर्यंत सेशनमध्ये. गर्दी वाढली म्हणून एकाचे दोन सर्व्हर केले आणि पुढे वाटणी करणारं मशीन लावलं. त्याच दुपारपासून पालकांचे फोन. तिसऱ्या पानापर्यंत आलेला मुलगा अचानक पहिल्या पानावर जाऊन पडत होता, सगळं कोरं. दर वेळी नाही, कधीमधी. ऑफिसमध्ये सगळे डेटाबेसवर संशय घेत होते. मला चप्पल स्टँड आठवला. एका स्टँडवर चपला ठेवून त्याचा बिल्ला दुसऱ्या स्टँडवर दाखवला, तर बाई काय करणार? फाइल पहिल्या मशीनवर होती, विनंती दुसऱ्यावर गेली होती.

श्लॉसनेगल यांच्या पुस्तकात सेशन साठवण्याची रीत आपली आपण लिहिण्यावर मजकूर होता. सहा फंक्शनं लिहायची: उघडणं, मिटणं, वाचणं, लिहिणं, पुसणं आणि केर काढणं. खण फाइलमधून उचलून डेटाबेसमध्ये आणायचे, म्हणजे दोन्ही मशीनना ते दिसतील. रात्री अकरापर्यंत ते लिहिलं, सकाळी चढवलं. मुलं पहिल्या पानावर पडायची थांबली.

दोन दिवसांनी दुसरीच तक्रार आली. फोटो राहतो, गुण जातात. चौथ्या पानावर फोटो चढवण्यासाठी आत एक वेगळी चौकट होती, तिची विनंती आणि मुख्य पानाची विनंती एकाच वेळी सुटू शकत होत्या. दोघी एकच खण वाचत, आपापली भर घालत आणि अख्खा खण परत लिहीत. जी शेवटी लिही तिचं राही, आधीच्या विनंतीची भर पुसली जाई. पण मग फाइलच्या काळात हे का होत नव्हतं? पीएचपीचा मूळ कोड वाचल्यावर कळलं. तिथे सेशनची फाइल उघडताक्षणी तिला कुलूप लागतं आणि पहिल्या विनंतीचं काम संपेपर्यंत दुसरी बाहेर थांबते. चार वर्षं ते कुलूप माझी राखण करत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. डेटाबेसमध्ये खण हलवताना कुलूप मागे राहिलं होतं. त्या दोन दिवसांत ज्या मुलांचे गुण पुसले गेले, त्यांना संस्थेतून फोन करून पुन्हा भरायला सांगावं लागलं. त्यांची यादी मीच काढून दिली होती. कितीतरी नावं खेड्यांतली होती, आणि फॉर्म भरायला त्यांना तालुक्याला यावं लागणार होतं. ते मला फार लागलं.

मायएसक्यूएलमध्ये नावानं कुलूप घ्यायची सोय आहे. वाचण्याच्या फंक्शनमध्ये बिल्ल्याच्या नावानं कुलूप घेतलं, मिटण्याच्या फंक्शनमध्ये सोडलं. दोनच ओळी.

2012 च्या मार्चमध्ये पीएचपी 5.4 आलं. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ त्यात भाषेतूनच काढून टाकलं गेलं, ज्या सेटिंगपायी दादा आणि मी अर्धविराम मोजत बसलो होतो. सेशनची सहा फंक्शनं एका क्लासमध्ये बांधायची रीतसर सोयही त्याच आवृत्तीत आली. तेव्हा सगळा जुना कोड मी नव्या साच्यात बसवला, नावं बदलली, निम्म्या ओळी गाळल्या. कुलपाच्या दोन ओळी मात्र तशाच ठेवल्या आणि त्यांच्यावर 2006 ची मराठी टीपही: ‘एका बिल्ल्यावर एका वेळी एकच माणूस. ही ओळ काढू नये.’