सुटी, रजा आणि खाडा

तृतीय वर्षाचे वर्ग सुरू झाले की उपाहारगृहात एकच विषय निघतो : पुढे काय? यंदाही तो निघाला. कोणी स्पर्धा परीक्षेचे नाव घेतले, कोणी बी.एड.चे, कोणी बँकेचे. एक मित्र चहाचा घोट घेत म्हणाला, "जिथे सुट्या जास्त, तीच नोकरी खरी!" सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. याला कारण आमच्या घरात घडलेली एक गोष्ट.

माझे वडील वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत. थोरले काका सरकारी कार्यालयात लिपिक आहेत. दोन वर्षांपूर्वी आजी आजारी पडली आणि अकरा दिवस रुग्णालयात होती. काकांनी अर्ज दिला, रजा मंजूर झाली, आणि ते दिवसभर आजीच्या उशाशी बसून राहिले. बाबा मात्र पाळी संपवून रात्री येत आणि बाकावर बसल्या बसल्या झोपी जात. एके दिवशी आजीने काकांना विचारले, "धाकटा दिवसा का येत न्हाई रं? रागावलाय का माझ्यावर?" काका म्हणाले, "नाही गं आई, खाडा पडतो त्याचा."

आजी त्या दुखण्यातून उठली नाही. बाबा चौथ्या दिवशी कामावर गेले. दोघांची आई एकच होती. पण एकाजवळ रजा होती आणि दुसऱ्याजवळ फक्त खाडा. तेव्हापासून सुटी, रजा आणि खाडा हे तीन शब्द मी वेगवेगळे मोजू लागले. ही मोजणी आपल्या सर्वांच्याच उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

प्रथम सुटी. सुटी सर्वांना एकदम मिळते, ती मागावी लागत नाही. आज रविवारी उशिरा उठणे हा आपल्याला जन्मसिद्ध हक्क वाटतो. पण तो हक्क या महाराष्ट्रात भांडून मिळवलेला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांना ठरलेली साप्ताहिक सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत स्त्री कामगारही बोलल्या. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने तिच्यावर सरकारी मोहोर उमटली.

पण सर्वांचा रविवार एकाच वेळी कसा असेल? आपल्याच जिल्ह्यात पाहा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. आपण रविवारी सहलीला जातो, म्हणून तिथल्या कर्मचाऱ्याला रविवारी कामावर असावे लागते. दिवाळीत एस.टी.च्या जादा गाड्या सुटतात, त्या चालक-वाहकांच्या दिवाळीतूनच सुटतात. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला आणि त्याच्या बदल्यात कामाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ केली. परंतु रुग्णालये, पोलीस आणि इतर अत्यावश्यक सेवा यातून वगळल्या. बँकांनाही १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार सुटी मिळते, पण पहिल्या शनिवारी बँक उघडी असते हे परीक्षा देणाऱ्या मित्रांनी ध्यानात ठेवावे.

आता रजा. सुटी दिनदर्शिकेत छापलेली असते. रजा आपल्या गरजेच्या दिवशी, आपल्या एकट्यासाठी मागायची असते. म्हणूनच नोकरीची खरी परीक्षा सुटीत होत नाही, रजेत होते. आजी काही दिनदर्शिका पाहून आजारी पडली नव्हती.

रजेच्या बाबतीत राज्य शासनाची नोकरी श्रीमंत आहे, हे मान्यच केले पाहिजे. १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याच्या खाती १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५, अशी वर्षाला ३० दिवस अर्जित रजा जमा होते. शिवाय २० दिवस अर्धवेतनी रजा असते. वैद्यकीय दाखला असल्यास अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्चून पूर्ण पगाराचा एक दिवस घेता येतो. तिला परिवर्तित रजा म्हणतात. अचानक उद्भवणाऱ्या कामांसाठी वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा वेगळीच. स्त्री कर्मचाऱ्यांना १८० दिवस प्रसूती रजा आहे, आणि २०१८ पासून मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात मिळून आणखी १८० दिवसांची रजा आहे. शनिवार-रविवारचे १०४ दिवस, ३० अर्जित, ८ नैमित्तिक यांची बेरीज १४२ होते; सणावारांच्या सार्वजनिक सुट्या अजून यात धरलेल्याच नाहीत!

मात्र याच नियमांत एक वाक्य आहे, ते फारसे कोणी वाचत नाही. रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेच्या निकडीपुढे वरिष्ठ ती नाकारू शकतात. दुसरी गंमत अशी की अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवता येते आणि सेवानिवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. त्यामुळे अनेकांच्या लेखी रजा ही घेण्याची वस्तू न राहता साठवण्याची वस्तू झाली आहे. आमचे काकाही त्यांच्यापैकीच. आजीच्या दुखण्यात त्यांनी खर्चलेली रजा ही त्यांची कित्येक वर्षांतली पहिली मोठी रजा होती.

सुट्यांचा विषय निघाला की सगळे बोट दाखवतात ते शिक्षकांकडे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. म्हणजे ३६५ मधून २२० वजा जाता १४५ दिवस उरतात. लिपिकाचा आकडा १४२ आणि शिक्षकाचा १४५. मग फरक कोठे आहे? तो असा, की शिक्षकाला सुटी भरपूर आहे पण रजा बेताची आहे. दीर्घ सुटी उपभोगणाऱ्याला इतर कर्मचाऱ्यांसारखी वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळत नाही. त्याला मे महिना मोकळा मिळेल, पण बहिणीचे लग्न डिसेंबरात निघाले तर दिवस मोजूनच जावे लागेल. शिवाय मे महिना तरी मोकळा असतोच असे नाही. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामे शिक्षकांना देता येतात, असे तोच कायदा सांगतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या मतदारसंघात मतदान झाले ते १३ मे रोजी. त्या दिवशी मतदान केंद्रावर आपल्या बोटाला शाई लावणाऱ्यांत किती गुरुजी होते, ते आठवून पाहा.

महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी ३० आठवडे अध्यापनाचे आणि १० आठवडे दीर्घ सुटीचे धरले आहेत. उरलेल्या आठवड्यांत प्रवेश, परीक्षा वगैरे येते. आमच्या प्राध्यापकवर्गाने हा आकडा वाचून स्मित केले असेल, कारण सुटीतले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्यात दिसत नाहीत.

काही पेशांत रजा एकगठ्ठा मिळते. आपल्या शहराला छावणीचा शेजार आहे, त्यामुळे जवानांची ६० दिवसांची वार्षिक रजा आपल्याला ऐकून ठाऊक असते. व्यापारी जहाजांवरील खलाशी आणि अधिकारी काही महिने सलग समुद्रावर असतात व नंतर काही महिने घरी. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने त्यांना सेवेच्या प्रत्येक महिन्यामागे किमान अडीच दिवस पगारी रजा ठरवून दिली आहे. ऐकायला हे फार गोड वाटते. परंतु ही रजा म्हणजे दूर राहिल्याची भरपाई आहे. साठ दिवस घरी असणारा माणूस तीनशे दिवस घरी नसतो, हे त्याच्या घरचे विसरत नाहीत.

आता कारखाना. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा देण्याची तरतूद आपल्याकडे १९४५ साली झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि हे विधेयक त्यांनीच मांडले होते. वर्षभर सेवा केलेल्या प्रौढ कामगाराला सलग दहा दिवस पगारी सुटी, असे तिचे स्वरूप होते. त्याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली या शहरात महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद. आपण नागसेनवनावरून रोज जातो, पण घरातला बाप चार दिवस पगारी रजेवर असतो त्यामागेही तेच नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस रजा दिली. म्हणजे ३०० दिवस काम केले तर १५ दिवस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आली आहे. दुकाने व खासगी कार्यालयांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे ८ दिवस नैमित्तिक रजा, ८ पगारी सणसुट्या आणि २४० दिवस भरल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस रजा त्याने दिली आहे.

मग बाबांना रजा का नव्हती? कारण कायदा दिवस मोजतो, आणि बाबांचे दिवस कधी पुरे भरतच नाहीत. कंत्राटदार बदलला, की माणूस तोच, यंत्र तेच, पण मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ज्याची मोजणी भरत नाही त्याच्या वाट्याला उरतो तो तिसरा शब्द : खाडा. खाडा म्हणजे न आलेल्या दिवसाची कापलेली मजुरी, आणि फार खाडे झाले तर गेलेली जागा.

हा खाडा केवळ कारखान्यापुरता नाही. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक आपण पाहतो. जितके तास, तितके मानधन. उन्हाळ्याची सुटी लागली की आपण आनंदाने घरी जातो. त्यांच्यासाठी तेच आठवडे बिनपगारी असतात. एकाच वर्गात सकाळच्या तासाच्या सरांना जी सुटी आहे, तीच दुपारच्या तासाच्या सरांना खाडा आहे. नेट उत्तीर्ण होऊन प्राध्यापक होण्याचे स्वप्न आपल्यापैकी अनेकजण पाहतात. त्यांनी दहा आठवड्यांच्या सुटीबरोबर हीही बाजू पाहावी.

तेव्हा मित्रहो, नोकरी शोधताना सुट्यांची संख्या जरूर विचारावी. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. पण तेवढ्यावर थांबू नये. आणखी तीन प्रश्न विचारावेत. ही सुटी पगारी आहे की बिनपगारी? गरजेच्या दिवशी मागितली तर ती मिळते का? आणि मी नसताना माझे काम करायला कोणी आहे का, की माझी रजा सहकाऱ्याच्या डोक्यावर बसते? या तीन प्रश्नांची उत्तरे ठीक आली, तर पंधरा दिवसांची रजाही पुरते. ती न आल्यास १४५ दिवसही अपुरे पडतात.

मी बी.एड.चा अर्ज भरणार आहे. सुट्यांसाठी नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. मला शिकवायला आवडते, आणि घरच्यांच्या वेळेला उभे राहता यावे हीही इच्छा आहे. हा लेख लिहून झाल्यावर मी बाबांना वाचून दाखवला. लोखंड्यांचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "रविवार त्यांनी मिळवून दिला म्हणायचा. बाकीचे दिवस तुम्ही बघा."