कॉलेजचा नंबर किती बघायचा?



जुलै महिना म्हणजे आमच्या शेतकी खात्यात आडसाली लागणीच्या नोंदीची गर्दी. गेल्या वर्षी जुलैत असेच एक जुने सभासद नोंद द्यायला आले. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, सगळे लिहून झाले, सही झाली, तरी अण्णा उठेनात. मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचे घडी घातलेले पान काढले आणि टेबलावर पसरले. अख्खे पान जाहिरात. वर ठळक अक्षरांत संस्थेचा देशातला क्रमांक. म्हणाले, "भाऊसाहेब, धाकटीला हितं घालावं म्हणतोय. नंबर बघा की, केवढा वरचा हाय!"

संस्था शेजारच्या राज्यातली, अभिमत विद्यापीठ. फी वर्षाला सव्वातीन लाख, वसतिगृह वेगळे. मी नोंदीच्या कागदामागेच हिशेब मांडला. एकरी ४० टन ऊस धरा, तोडणी-वाहतूक जाऊन टनाला तीन हजार हातात धरा, एकरी एक लाख वीस हजार झाले. म्हणजे एका वर्षाची फी पावणेतीन एकरांचा ऊस. चार वर्षांची जवळजवळ अकरा एकरांचा. आणि यात खत, पाणी, बियाणे, मजुरी काहीच वजा केलेले नाही. अण्णांचे क्षेत्र सगळे मिळून चार एकर.

थोरल्या मुलाच्या वेळीही त्यांनी असाच नंबर बघून लांबच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला होता. नंबर खोटा नव्हता. पण पोराच्या शाखेला शेवटची दोन वर्षे कायमचे मास्तरच नव्हते. एक आला की दुसरा गेला. पोरगा पास झाला, पुण्यात नोकरीलाही आहे. कर्ज मात्र अजून फिटायचे आहे.

म्हणून हा लेख. बारावीचा निकाल लागला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या बऱ्याच घरांत हाच प्रश्न उभा राहतो.

नंबर येतो कुठून?

आपल्या देशात क्रमवारी लावणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, पण केंद्र सरकारची यादी ती एन.आय.आर.एफ. ही पद्धत सरकारने २०१५ साली आखली आणि पहिली यादी एप्रिल २०१६ मध्ये निघाली. इंजिनियरिंगच्या यादीत शंभर गुणांची वाटणी अशी आहे: शिकवणे आणि साधनसामग्री ३०, संशोधन ३०, विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले याला २०, निरनिराळ्या भागांतून व थरांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना सामावून घेणे १० आणि नावलौकिक १०.

आता यात आपल्या कामाचे किती ते बघा. पोरांना नोकरी लागली का किंवा ती वरच्या शिक्षणाला गेली का, याला सगळे मिळून शंभरात ८ गुण. त्यांच्या पगाराला ५. राहिले संशोधन, त्याला ३०. संशोधन मोठे काम आहे, त्याला कमी लेखू नये. पण किती निबंध छापून आले हे मोजल्याने पहिल्या वर्षाच्या पोराला गणित कोण शिकवतो ते कळत नाही. शिवाय निबंधांच्या संख्येमागे लागून काही ठिकाणी निकृष्ट माल निघू लागला. छापलेले निबंध मागे घ्यावे लागू लागले, तेव्हा २०२५ च्या यादीपासून त्याबद्दल गुण कापायला सुरुवात झाली. फी किती, याला मात्र या यादीत वेगळा गुणच नाही.

दुसरी गोष्ट, आकडे कॉलेजच भरून देते. वजनकाटा आपला नव्हे, त्यांचाच. सरकार तपासणी करते, पण मूळ नोंद त्यांची. जे कॉलेज भाग घेत नाही ते यादीत दिसतच नाही, मग ते चांगले असो की वाईट.

तिसरी गोष्ट वेळेची. २०२४ ची यादी १२ ऑगस्टला निघाली, २०२५ ची ४ सप्टेंबरला. म्हणजे आपण जून-जुलैत फॉर्म भरताना हातात असते ती मागल्या वर्षीची यादी, आणि तिच्यातले आकडे त्याहून जुने.

कारखान्याचा उतारा आणि आपला फड

आपल्याला उसाचा दर मिळतो तो कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर. उतारा साडेअकरा लागला म्हणून प्रत्येकाच्या फडातला ऊस साडेअकराचा असतो का? कुणाचा बाराच्या वर जातो, कुणाचा दहालाही लागत नाही. कॉलेजचा नंबर हाही असाच सरासरी उतारा आहे. त्यात सगळ्या शाखा आल्या, पीएच.डी. करणारे आले, इमारती आल्या, प्रयोगशाळा आल्या. आपले पोर बसणार एका शाखेत, एका वर्गात. त्या फडाचा उतारा यादीत लिहिलेला नसतो.

पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचेच घ्या. १८५४ सालापासूनची संस्था, आता तिचे तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आहे. २०२३ च्या इंजिनियरिंगच्या यादीत ती पहिल्या पन्नासांतही नव्हती. कितीतरी नव्या खाजगी संस्था तिच्या वर होत्या. पण प्रवेशाच्या फेरीत तिथल्या संगणक शाखेची जागा ९९ च्या वर पर्सेंटाइल असल्याशिवाय सहसा मिळत नाही. ज्यांना कुठेही प्रवेश मिळू शकतो ती पोरे यादी बाजूला ठेवून तिथे जातात. तेव्हा पन्नासावा की पंच्याहत्तरावा यावर रात्रीची झोप घालवू नये. त्यांच्यात शंभरापैकी मोजक्याच गुणांचा फरक असतो.

अमेरिकेतही तीच कथा. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा असली यादीच नव्हती. तिथल्या एका साप्ताहिकाने १९८३ पासून ती सुरू केली. त्या यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावर होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी दाखवून दिले, की विद्यापीठाने दिलेले आकडे बरोबर नाहीत. विद्यापीठाला चूक मान्य करावी लागली आणि सप्टेंबरच्या यादीत नंबर दोनावरून अठरावर घसरला. पुढच्या वर्षी विद्यापीठाने त्या यादीसाठी आकडे देणेच बंद केले. सांगायचे एवढेच, की त्या सात महिन्यांत वर्ग तेच होते, मास्तर तेच होते, ग्रंथालयही तेच होते. बदलला तो फक्त आकडा.

मग नंबर बघायचाच नाही का?

तसे नव्हे. अगदी वरच्या दहा-वीस संस्थांबाबत यादी खरे तेच सांगते. मद्रासची आय.आय.टी. इंजिनियरिंगमध्ये २०१६ पासून पहिली आहे, तिथे नंबर लागला तर कर्ज काढूनही पाठवावे. पोराला पुढे संशोधन करायचे असेल तर संशोधनाचे गुण जरूर बघावेत. परदेशी शिकायला राज्य शासनाची शिष्यवृत्ती हवी असेल तर जागतिक यादीतल्या क्रमांकाची अटच असते, तिथे इलाज नाही.

एरवी नंबर उंबरठ्यापर्यंत आणतो, घरात काय आहे ते आपणच आत जाऊन बघायचे. ते बघण्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) यादीत भाग घेणाऱ्या संस्थेने दिलेली माहिती एन.आय.आर.एफ.च्या संकेतस्थळावर असते. किती विद्यार्थी वेळेत पास झाले, किती नोकरीला लागले, मधला पगार किती, हे त्या तक्त्यात असते. नंबर वाचण्यापेक्षा हा तक्ता वाचा. जाहिरातीत शंभर टक्के नोकऱ्या असतील तर तक्त्याशी ताळा करून बघा.

२) नॅकची श्रेणी साऱ्या संस्थेला मिळते, तर एन.बी.ए.ची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला मिळते. आपल्या शाखेला ती आहे का, कुठल्या सालापर्यंत आहे, हे विचारा. नुसत्या श्रेणीवरही जाऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी समितीतल्या लोकांना लाचेच्या प्रकरणात सी.बी.आय.ने अटक केली होती.

३) स्वतः जाऊन या, तेही कामाच्या दिवशी. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा आणि विचारा: कायमचे मास्तर किती? प्रयोगशाळेचे कुलूप निघते का? पोरे खरे सांगतात.

४) प्रवेश कुठल्या वाटेने होतो ते बघा. शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश झाला आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर फीची सवलत आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. परराज्यात तर नाहीच. तहसीलचे दाखले जूनच्या आधी काढून ठेवा.

५) आणि शेवटी पोराला विचारा. लागण करताना आपण माती बघूनच जात निवडतो. शेजाऱ्याच्या काळ्या रानात आली म्हणून चोपणात तीच जात लावत नाही. मग पोराच्या बाबतीतच शेजाऱ्याकडे का बघावे?

अण्णांच्या धाकटीचे काय झाले?

दुसऱ्या दिवशी अण्णा मुलीला घेऊन आले. गट कार्यालयातल्या संगणकावर आम्ही दोन्ही कॉलेजांचे तक्ते काढले, एक जाहिरातीतले आणि एक जिल्ह्याच्या गावचे. लांबच्याचा तक्ता वाईट होता असे म्हणणार नाही. जवळच्याला तर देशातला नंबरच नव्हता. पण तिला हव्या त्या शाखेला एन.बी.ए.ची मान्यता होती आणि पास होणाऱ्यांची संख्याही बरी होती. पोरीने तक्ता दोनदा वाचला आणि म्हणाली, "काका, मला हितलं कॉलेज आत जाऊन बघायचंय." बापलेक जाऊन आले. तिने बाहेर उभ्या असलेल्या मुलींना काय काय विचारले ते अण्णांनाही ठाऊक नाही. फेरीत तिने तेच कॉलेज पहिले घातले आणि मिळाले.

अण्णा थोडे हिरमुसले होते. "पाव्हण्यांत सांगायला नंबर ऱ्हायला न्हाई," म्हणाले. त्यांचेही चूक नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, आणि काही साखर कारखान्यांच्या परिसरातही कॉलेजे उभी राहिली. त्या वेळी पोर इंजिनियरिंगला आहे एवढे सांगितले तरी बापाची मान ताठ व्हायची. आता कॉलेजे भरपूर झाली, म्हणून नंबर सांगावा लागतो.

पोरगी आता शिकते आहे. चार वर्षांनी काय पिकेल ते आज कुणी सांगू नये. निकाल चांगला लागला तर याच अंकात कळवू. मात्र यंदा सोसायटीचे पीककर्ज अण्णांनी वेळेत भरले आणि थोरल्याच्या कर्जाचे दोन हप्तेही भरले.

ज्या सभासदांच्या घरी यंदा बारावी झालेले मूल आहे, त्यांनी प्रवेशाचे कागद घेऊन आपापल्या गट कार्यालयात यावे. नोंदीची गर्दी दुपारनंतर कमी असते. येताना मुलालाही किंवा मुलीलाही बरोबर आणावे, ही विनंती.